पोथी कोणी ठरवली?



कीर्तनकाराने प्रमाणाशिवाय बोलू नये, हा दंडक गुरूंनी मला पहिल्याच दिवशी घालून दिला होता. तरी एक गोष्ट मी कितीतरी वर्षे प्रमाणाशिवाय सांगत आलो, ती चूक आज आपल्यापुढे कबूल करायची आहे. ग्रंथाच्या प्रामाण्याचा विषय निघाला की मी एक दृष्टांत देत असे. ख्रिस्ती लोकांचा धर्मग्रंथ एका रोमन बादशहाने सभा भरवली आणि हात वर करवून ठरवला, असे मी म्हणे. श्रोते हसत, मीही हसे, आणि कीर्तन पुढे जाई. एकदा कीर्तन आटोपल्यावर एक वयस्क ख्रिस्ती गृहस्थ पुढे आले. नमस्कार करून शांतपणे म्हणाले, "बुवा, हे आपण कुठे वाचलंत?" मला उत्तर देता आले नाही. मी ते वाचलेच नव्हते, नुसते ऐकले होते.

त्या दिवसापासून जमेल तसे वाचत गेलो. जे हाती आले ते माझ्या दृष्टांताच्या अगदी उलट निघाले, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आरंभ पाहू. येशू ख्रिस्ताने स्वतः एकही ग्रंथ लिहून ठेवला नाही. सुमारे सन ३० मध्ये त्यांना क्रूसावर चढवण्यात आले. त्यांचे पहिले शिष्य यहुदी होते, आणि त्यांचे धर्मशास्त्र म्हणजे यहुद्यांचे पूर्वापार चालत आलेले नियमशास्त्र, संदेष्ट्यांचे ग्रंथ आणि स्तोत्रे. गुरूची वचने तोंडातोंडी चालली होती. पुढे वीस वर्षांनी पौल नावाच्या प्रचारकाची पत्रे लिहिली गेली. करिंथ, थेस्सलनीका, रोम अशा गावोगावच्या मंडळ्यांना, त्यांच्या भांडणांवर आणि शंकांवर लिहिलेली ही पत्रे होती. मग साधारण सन ७० ते १०० च्या आसपास मार्क, मत्तय, लूक आणि योहान यांच्या नावाने ओळखली जाणारी चार चरित्रे तयार झाली. त्यांना शुभवर्तमाने म्हणतात. यांतल्या कोणी आपण धर्मशास्त्र लिहितो आहोत असे म्हणून लेखणी उचललेली दिसत नाही.

एका गावाने आलेले पत्र जपले, सभेत वाचले, नक्कल करून शेजारच्या गावाला दिले. रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन नावाच्या विद्वानाने सन १५० च्या सुमारास आपल्या मंडळींचा शिरस्ता लिहून ठेवला आहे. रविवारी सारे एकत्र जमत. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेखन वेळ असेल तोवर वाचले जाई, आणि मग प्रमुख उठून त्यावर बोध करी. आधी वाचन, मग निरूपण. हे वाचताना मला परक्या घरात आल्यासारखे वाटले नाही.

आता पहिला पेच. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपी गावचा मार्सियन नावाचा धनिक रोमला आला. यहुद्यांचा देव वेगळा आणि ख्रिस्ताचा पिता वेगळा, असे त्याचे मत. म्हणून त्याने जुने शास्त्र सगळेच टाकले. एकटे लूकचे शुभवर्तमान, तेही काटछाट करून, आणि पौलाची दहा पत्रे, एवढीच त्याची पोथी. सन १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले. त्याने दोन लाख सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, देणगी दिली होती, तीही परत केली. नवीन ग्रंथांची ठाम यादी करणारा, आपल्याला माहीत असलेला पहिला माणूस हाच. आपली यादी कोणती, हा प्रश्न बाकीच्यांपुढे त्यामुळे उभा राहिला. सन १८० च्या सुमारास गॉल देशातल्या ल्यों शहराचा बिशप इरेनियस याने आग्रहाने लिहिले की शुभवर्तमाने चारच, कमी नाहीत आणि जास्त नाहीत. दिशा चार, वारे चार, तशी ही चार, असा दृष्टांत त्याने दिला. पण त्याचे खरे बळ दृष्टांतात नव्हते. ठिकठिकाणच्या जुन्या मंडळ्या हीच चार वाचत होत्या, हे त्याच्या पाठीशी होते.

येथे शंका येते. नवे ग्रंथ तर रोज निघत होते. पेत्राच्या नावाने, थोमाच्या नावाने, पौलाच्या नावाने. मग गाळणी कोणती लावली?

दोन गोष्टी सांगतो. पहिली अंत्युखियाच्या सेरापियन नावाच्या बिशपची, सन २०० च्या सुमाराची. तो ऱ्होसस नावाच्या गावी गेला. तिथले लोक पेत्राच्या नावाचे एक शुभवर्तमान वाचत होते आणि त्यावरून आपसात कुरबूर चालली होती. सेरापियनने ते न वाचताच सांगून टाकले, एवढ्यावरूनच वाद असेल तर वाचा खुशाल. पुढे त्याच्या कानी आले की ख्रिस्ताचा देह खरा नव्हता, नुसता आभास होता, असे मानणारे लोक त्या पोथीचा आधार घेतात. मग त्याने त्याच लोकांकडून ती मागून आणली आणि वाचली. बरेचसे बरोबर आहे, पण काही भर घातलेली आहे, असे त्याला दिसले. त्याने गावाला पत्र लिहून ती भर कोणती ते कळवले आणि दिलेली परवानगी मागे घेतली. आपण न वाचता बोललो हे त्याने झाकून ठेवले नाही. वाचकहो, या माणसापुढे माझी मान खाली गेली.

दुसरी गोष्ट आशिया प्रांतातल्या एका धर्मगुरूची. पौल आणि त्याची शिष्या थेक्ला यांची कथा त्याने रचली आणि ती खरी म्हणून फिरू लागली. विचारणा झाली तेव्हा त्याने कबूल केले की पौलावरच्या प्रेमापोटी आपण हे लिहिले. त्याला पद सोडावे लागले. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा लेखक तर्तुलियन याने ही हकिकत नोंदवली आहे. प्रेमाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण प्रेम आहे म्हणून थोराच्या नावावर आपले शब्द घालता येत नाहीत, हे त्या मंडळींनी इतक्या लवकर ठरवले होते. आपल्याकडे नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच काळजीने, म्हणून हे आपल्याला समजायला जड नाही.

या साऱ्यातून तीन कसोट्या दिसतात. ग्रंथ प्रेषितांच्या काळापर्यंत पोचतो का? परंपरेने मिळालेल्या श्रद्धेशी जुळतो का? आणि तो एकाच गावात नव्हे, सर्वत्र वाचला जातो का? 'हर्माचा मेंढपाळ' नावाची एक लोकप्रिय पोथी होती. एका जुन्या यादीत तिच्याविषयी म्हटले आहे की ती आपल्याच काळात लिहिली गेली, म्हणून घरी जरूर वाचावी, पण सभेत प्रेषितांच्या ग्रंथांबरोबर वाचू नये. चांगली पोथी आणि प्रमाण पोथी, हा भेद त्यांनी केला.

आता खरी कसोटी ऐका. सन ३०३ मध्ये बादशहा डायोक्लेशियन याचा हुकूम निघाला की ख्रिस्ती मंदिरे पाडा आणि त्यांच्या पोथ्या जाळा. उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता गावी, ज्याला आज कॉन्स्टंटाइन म्हणतात, १९ मे रोजी सरकारी अधिकारी मंदिरात आला. त्या दिवसाची सरकारी जबानी आजही उपलब्ध आहे. मंदिरात एकच मोठी पोथी मिळाली. बाकीच्या कुठे, असे विचारता उत्तर आले की त्या वाचकांच्या घरी असतात. वाचकांची नावे विचारली तेव्हा दोघांनी आम्ही घातकी नाही म्हणून सांगण्याचे नाकारले. पण नावे इतरांकडून कळली. अधिकारी घरोघर फिरला. एकाकडे चार निघाल्या. फरशीवर रंगीत खड्यांची नक्षी करणाऱ्या फेलिक्स नावाच्या कारागिराने पाच दिल्या. व्हिक्टोरिनसकडे आठ मिळाल्या. एका घरी नवरा नव्हता, तिथे बायकोने सहा आणून दिल्या. एका व्याकरणशिक्षकाकडे दोन पोथ्या आणि चार सुटी दप्तरे सापडली.

बायकोने सहा पोथ्या आणून दिल्या, एवढेच लिहिले आहे. त्या वेळी तिच्या मनात काय झाले असेल ते सरकारी कारकून कशाला लिहील?

तिबियुका गावच्या बिशपाने, त्याचेही नाव फेलिक्सच, पोथ्या आहेत पण देणार नाही, असे सांगितले. त्याला मृत्युदंड झाला. कार्थेजच्या बिशपाने पोथ्या लपवल्या आणि पाखंडी मानलेली काही पुस्तके मंदिरात ठेवून दिली. शिपायांनी ती नेली. आता पाहा, कोणती पोथी हवाली करायची आणि कोणत्या पोथीसाठी मरायचे, हे दारात शिपाई उभा असताना ज्याला ठरवावे लागते त्याच्यापाशी यादी तयारच असावी लागते. बादशहा तेव्हा पोथ्या ठरवत नव्हता, जाळत होता. ज्यांनी पोथ्या दिल्या त्यांना लोक हवाली करणारे म्हणू लागले, आणि त्यावरून उत्तर आफ्रिकेतल्या ख्रिस्ती समाजात जी फूट पडली ती शंभर वर्षांनीही मिटली नव्हती.

मग माझा तो सभा भरवणारा बादशहा? कॉन्स्टंटाइनने सन ३२५ मध्ये नायकिया येथे सभा भरवली हे खरे. पण तिथे ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाचा वाद, ईस्टर सणाची तिथी, मंडळ्यांची शिस्त असे विषय होते. ग्रंथांची यादी त्या सभेने केलेली नाही. पुढे त्याने आपल्या नव्या राजधानीसाठी पन्नास प्रती करवून घेतल्या, पण ते काम ज्याच्याकडे दिले त्या युसेबियसच्याच इतिहासग्रंथात सर्वमान्य, वादग्रस्त आणि बनावट असे वर्ग पाडलेले आहेत. म्हणजे प्रश्न अजून पुरता सुटलेला नव्हता. आज नव्या करारात जे सत्तावीस ग्रंथ आहेत, नेमके तेवढेच सांगणारी आपल्याला ज्ञात असलेली पहिली यादी सन ३६७ ची. अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने ईस्टरच्या वार्षिक पत्रात ती दिली. सन ३९३ मध्ये हिप्पो येथे आणि ३९७ मध्ये कार्थेज येथे आफ्रिकेतल्या बिशपांच्या सभा झाल्या, त्यांनी त्याच सत्तावीसांवर शिक्का मारला. सभा झाल्या, पण शेवटी. तोवर तीनशे वर्षे वाचन चालू होते.

आणि तरीही सर्वत्र एकमत झाले नाही. सिरियाक भाषेतल्या जुन्या नव्या करारात बावीसच ग्रंथ होते. पेत्राचे दुसरे पत्र, योहानाची दुसरे आणि तिसरे ही पत्रे, यहूदाचे पत्र आणि प्रकटीकरण हे पाच त्यात नाहीत. मलबारचे जुने ख्रिस्ती लोक हीच परंपरा चालवीत होते. सन १५९९ मध्ये गोव्याचा आर्चबिशप मेनेझिस याने केरळात उदयंपेरूर येथे सभा बोलावली, आणि हे पाच ग्रंथ घालून प्रती पुऱ्या करा असे फर्मावले. त्याच वेळी चुकीच्या ठरवलेल्या अनेक सिरियाक पोथ्या जाळण्यात आल्या. ज्या धर्माच्या वाचकांनी पोथी आगीतून वाचवण्यासाठी जीव दिला, त्याच धर्माच्या अधिकाऱ्यांनी आपल्याच भावंडांच्या पोथ्या आगीत घातल्या. यावर मी अधिक बोलत नाही. अधिकार हाती आला की काय होते, हे आपण सारे जाणतो.

सारांश इतकाच. ती पोथी सभेत वाचणाऱ्यांनी, ऐकणाऱ्यांनी, नकलणाऱ्यांनी आणि घरात लपवणाऱ्यांनी आधी धरून ठेवली. विद्वानांनी पारखली, आणि सभांनी सर्वांत शेवटी मान्य केली. यात माणसांच्या चुका आहेत, भांडणे आहेत, अन्यायही आहे. पण माझ्या दृष्टांतातली ती हात वर करण्याची गंमत त्यात कुठेही नाही.

त्या गृहस्थांची पुन्हा भेट झाली नाही. ज्यांनी ज्यांनी माझ्या तोंडून ती जुनी गोष्ट ऐकली असेल, त्यांनी ती पुढे सांगू नये. सांगितली असेल, तर ही दुरुस्तीही सांगावी, एवढी चरणी विनंती.

रामकृष्णहरी.