हिपॅटायटिसबाधित दात्याकडून मूत्रपिंड प्रत्यारोपण

हिपॅटायटिसबाधित दात्याकडून मूत्रपिंड प्रत्यारोपण म्हणजे हिपॅटायटिस बी किंवा सी विषाणूचा संसर्ग असलेल्या अथवा पूर्वी होऊन गेलेल्या दात्याचे मूत्रपिंड रुग्णाच्या शरीरात बसवणे. हे विषाणू प्रामुख्याने यकृतात वाढतात. तथापि रक्तावाटे ते मूत्रपिंडासोबत प्राप्तकर्त्याकडे जाऊ शकतात. प्रत्यारोपणानंतर द्याव्या लागणाऱ्या, रोगप्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांमुळे असा संसर्ग बळावतो. म्हणून अशी मूत्रपिंडे पूर्वी बहुधा नाकारली जात. लस व परिणामकारक औषधांमुळे आता निवडक रुग्णांत त्यांचा वापर शक्य झाला आहे.

तपासणी

प्रतिपिंडे आढळणे म्हणजे दाता आजही संसर्गजन्य असणे नव्हे. रक्तात विषाणू प्रत्यक्ष आहे की नाही, हे न्यूक्लिक आम्ल चाचणीने कळते. अगदी अलीकडचा संसर्ग मात्र या चाचणीतूनही निसटू शकतो.

हिपॅटायटिस बी

दात्यात पृष्ठीय प्रतिजन नसून केवळ गाभा-प्रतिजनाविरुद्धची प्रतिपिंडे असल्यास मूत्रपिंडातून संसर्ग होण्याचा धोका अत्यल्प असतो; यकृत प्रत्यारोपणात तो बराच अधिक असतो. पृष्ठीय प्रतिजन असलेल्या दात्याचा विचार मुख्यतः लसीकरणाने संरक्षित किंवा आधीच बाधित रुग्णासाठी होतो. अशा वेळी एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर ही औषधे वापरतात. डायलिसिसवरील रुग्णांत लसीचा परिणाम कमी होत असल्याने मूत्रपिंडविकाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातच लस घेणे हितावह असते.

हिपॅटायटिस सी

१९८९ मध्ये ओळखल्या गेलेल्या या विषाणूवर लस नाही. जुन्या इंटरफेरॉन उपचाराने प्रत्यारोपित मूत्रपिंड नाकारले जाण्याचा धोका होता. थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्यांनी ही अडचण दूर केली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० असंसर्गित रुग्णांना बाधित मूत्रपिंडे देऊन १२ आठवडे औषधोपचार करण्यात आला. सर्व जण विषाणूमुक्त झाले. उपचारास विलंब झाल्यास मात्र यकृताचा गंभीर आजार संभवतो.

महाराष्ट्रातील व्यवस्था

भारतात अवयवदान १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियमानुसार चालते. महाराष्ट्रात मृत दात्यांच्या अवयवांचे वाटप मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्यांमार्फत होते. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात (२०१८) बी व सी या दोन्हींची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. मोताळ्यासारख्या ग्रामीण तालुक्यातील रुग्णाला प्रत्यारोपणासाठी मोठ्या शहरात जावे लागते. त्यामुळे संमती देण्यापूर्वी धोक्याची पूर्ण माहिती मिळणे, औषधाची उपलब्धता आधीच निश्चित असणे आणि गावी परतल्यावरही नियमित रक्ततपासणी होणे, यांवर त्याची सुरक्षितता अवलंबून असते.