लाहोरची शाळा आणि आपली प्रवेशिका

लोकलच्या गोंगाटात मागचा भाग अर्धाच ऐकू आला अशी तक्रार आली, म्हणून हा लेखी अवतार. विषय आहे संगीताच्या परीक्षा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. तुमच्यापैकी कित्येकांच्या कपाटातल्या फाइलमध्ये यातलं एखादं प्रमाणपत्र नक्की असणार. मी स्वतः मध्यमा पूर्णपर्यंत गेलो, मग बीटेक आडवं आलं. दहावीला कलेचे जादा गुण मिळतात म्हणून हल्ली क्लासेसना गर्दी असते, ते ठीकच आहे. पण ही शिडी मुळात कुणी लावली आणि कशासाठी, ती गोष्ट गुणांपेक्षा बरीच मोठी आहे.

आधी थोडं मागे जाऊ. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. ती मिळवायला त्यांना काय करावं लागलं? घर सोडलं, गावोगाव हिंडले, धारला देवजीबुवांकडे राहिले, मग ग्वाल्हेर परंपरेच्या वासुदेवबुवा जोशींकडे. गुरूच्या घरी पडेल ते काम करायचं आणि त्यांची मर्जी असेल तेव्हा शिकायचं. किती शिकून झालं, किती राहिलं, हे फक्त गुरूला माहीत. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर सगळं ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात, डॉक्युमेंटेशन शून्य. तो माणूस गेला की सिस्टीम बंद. कितीतरी बंदिशी अशाच गेल्या असतील.

या बाळकृष्णबुवांचे मिरजेतले शिष्य म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकर. जन्म १८७२, गाव कुरुंदवाड. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, दृष्टी अधू झाली, म्हणून शाळेऐवजी गाणं. मिरज संस्थानाचा आश्रय होता, त्यामुळे त्यांना मान मिळे. पण एकदा गावातल्या एका समारंभाचं आमंत्रण त्यांना आलं आणि त्यांच्या गुरूंना आलंच नाही, अशी आठवण सांगितली जाते. कारण काय, तर ते गवई. गवयाला गाण्यापुरतं बोलवायचं, पंगतीला नाही! ही गोष्ट पलुसकरांच्या मनाला लागली. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली, गाणी करत उत्तरेकडे फिरले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वय २८. म्हणजे साधारण माझ्याच वयाचा, डोळ्यांनी अधू, मराठी माणूस पंजाबात गाण्याची शाळा काढतोय. मी या वयात अजून फ्लॅटच्या ईएमआयचा हिशोब करतोय, असो.

एक खुलासा मात्र हवा. अशी शाळा काढणारे ते पहिले नव्हेत. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज झाला होता, बडोद्याला सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली होती. तिकडे लंडनचं ट्रिनिटी कॉलेज तर १८७७ पासून संगीताच्या परीक्षा घेत होतं. पलुसकरांचं वेगळेपण असं, की ते राजाच्या तिजोरीवर विसंबले नाहीत. फी, वर्गण्या, जाहीर जलसे यांवर संस्था चालवली. ठरलेला अभ्यासक्रम, स्वतःची स्वरलेखन पद्धत, स्वतःच्या छापखान्यात छापलेली पुस्तकं. आणि ‘उपदेशक वर्ग’, म्हणजे पुढे जाऊन शिकवणारे तयार करायचे. या मुलांना राहणं-जेवण-शिक्षण फुकट, पण नऊ वर्षांचा करार. आपल्याकडच्या दोन वर्षांच्या बाँडवर रडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

१९०८ मध्ये ते मुंबईत आले. सँडहर्स्ट रोडला मोठी इमारत उभी केली, कर्ज काढून. कर्ज फिटलं नाही आणि १९२४ च्या सुमारास इमारत लिलावात गेली. शेवटची वर्षं नाशिकला रामभक्तीत गेली. २१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत निधन.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण त्याच वर्षाच्या अखेरीस शिष्य अहमदाबादला जमले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. तेच आजचं अखिल भारतीय मंडळ, ज्याच्या परीक्षा आपण देतो. मला यातली रचना फार आवडते. मोठी इमारत बांधायचीच नाही. शिकवणारा आपापल्या गावात, केंद्र जवळच्या शहरात, अभ्यासक्रम सगळीकडे एक आणि परीक्षक बाहेरचा. हा बाहेरचा परीक्षक म्हणजे खरी क्रांती. तुमचं गाणं तुमच्या गुरूच्या मर्जीबाहेर कुणीतरी ऐकतंय, आणि तुम्ही कुणाचे कोण हे न विचारता. गवयाच्या घरात न जन्मलेल्या मुलामुलींना ‘मला एवढं येतं’ हे सांगायला कागद मिळाला, त्या कागदावर शाळेत संगीत शिक्षकाची नोकरी मिळू लागली. गवयाला पंगतीत बसवायचं होतं ना, त्याचा हा एक रस्ता.

शिष्यही नुसते मंडळ काढून थांबले नाहीत. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, ‘राग-विज्ञान’चे भाग लिहिले. वडील गेले तेव्हा दहा वर्षांचे असलेले द. वि. पलुसकर तिथेच विनायकरावांकडे शिकले. बापाची विद्या मुलाला मिळाली ती बापाच्या शिष्याकडून.

उत्तरेत भातखंड्यांचा वेगळा प्रवाह होता. १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज, त्याच वर्षी अलाहाबादला प्रयाग संगीत समिती. भातखंड्यांची स्वरलिपी वेगळी, पलुसकरांची वेगळी, आणि आपल्याला लेखी पेपरात दोन्ही लिहाव्या लागतात. दोन थोर माणसांचं जमलं नाही, घोकंपट्टी आपल्या नशिबी!

आता दुसरी बाजू. एकेक राग वर्षानुवर्षं घोटणाऱ्यांना वर्षात सात-आठ राग ‘कव्हर’ करणं थिल्लर वाटलं, आणि त्यात तथ्य आहे. वहीत लिहून दिलेले आलाप, मोजून पाच ताना पाठ करून पास झालेली मुलं मी जवळून पाहिली आहेत. एका केंद्रावर माझा भूप दोन मिनिटांत थांबवला होता, बंदिशीचा अंतरा यायच्या आत. शिवाय अभ्यासक्रम छापले गेले तसे घराण्याचे खाँसाहेब, ज्यांच्याकडे पदवी नव्हती पण विद्या होती, ते या नव्या व्यवस्थेत बरेचसे कडेला गेले. तो हिशोब आपण फारसा मांडत नाही.

तरी माझं मत परीक्षेच्या बाजूने आहे. मी गवई झालो नाही, होणारही नव्हतो. पण प्रवेशिकेला हातावर ताल धरून दुगुन म्हणायला लावली होती, त्यामुळे आज तीनतालात गायक समेवर येताना मान आपोआप हलते. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच असूनही राग वेगळे का, हे चर्चेच्या ओघात भांडून सांगता येतं. सवाई गंधर्वला मंडपात बसलेल्या श्रोत्यांत अशी अर्धवट सोडलेली मध्यमावाली माणसं किती असतात, बघा कधी. परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरला असतात. कुणी मध्येच सोडली असेल तर वयाची अट आड येत नाही, माझ्या केंद्रावर एक आजोबा नातीच्या शेजारी बसून प्रवेशिकेचा पेपर लिहीत होते. नात त्यांना झपतालाचे बोल हळूच सांगत होती, आणि सुपरवायझर खिडकीबाहेर बघत होते.