एका प्रबंधाची अनेक विश्वे

विज्ञानाच्या इतिहासात सिद्ध झालेल्या शोधांना जसे स्थान आहे, तसेच दीर्घकाळ अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नांनाही आहे. आधुनिक भौतिकशास्त्रातील समांतर विश्वांची कल्पना अशाच एका प्रश्नातून जन्मली. तो प्रश्न विचारणारे ह्यू एव्हरेट हे त्या वेळी अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात शिकणारे जेमतेम पंचविशीतील विद्यार्थी होते.

पुंजयामिकी सांगते की, इलेक्ट्रॉनसारख्या कणाला मापनापूर्वी एकच एक निश्चित स्थान नसते. अनेक शक्यता एकत्र नांदत असतात. त्या सर्वांचे वर्णन करणारे तरंगफल श्रोडिंगर यांच्या १९२६ सालच्या समीकरणानुसार नियमाने बदलत जाते. परंतु मापन करताच हाती एकच उत्तर येते. मग उरलेल्या शक्यतांचे काय होते? मापनाच्या क्षणी त्या लोप पावतात, असे पाठ्यपुस्तके सांगत. श्रोडिंगर यांच्या समीकरणात मात्र अशा लोपाला कोठेही जागा नव्हती.

एव्हरेट यांचा प्रश्न साधा होता. मापनयंत्र आणि निरीक्षक हेही अणूंचेच बनलेले असताना त्यांच्यासाठी वेगळा नियम कशासाठी? तोच नियम संपूर्ण विश्वाला लावला, तर कोणतीही शक्यता नष्ट होत नाही. प्रत्येक शक्यता आपापल्या शाखेत खरी ठरते, आणि प्रत्येक शाखेतील निरीक्षकाला केवळ आपलेच उत्तर दिसते.

त्यांचे मार्गदर्शक जॉन व्हीलर यांच्यापुढे यामुळे पेच उभा राहिला. कोपनहेगनचे नील्स बोर हे व्हीलर यांना गुरुस्थानी होते, आणि विद्यार्थ्याचा प्रबंध बोर यांच्याच विचारपरंपरेला आव्हान देत होता. १९५६ साली व्हीलर यांनी कोपनहेगनला जाऊन शिष्याची बाजू मांडली. पण तेथील मंडळींना ती पटली नाही. अखेर प्रबंधाला कात्री लागली. १३७ पानांच्या मूळ लेखनाचा सुमारे एक-चतुर्थांश भागच उरला, आणि तो १९५७ साली प्रसिद्ध झाला.

ब्राइस डेविट या शास्त्रज्ञांनी तेव्हा आक्षेप घेतला की, आपण असे दुभंगल्याचे आपल्याला मुळीच जाणवत नाही. एव्हरेट यांनी उलट विचारले, पृथ्वी फिरते आहे हे तरी आपल्याला कोठे जाणवते? कोपर्निकसचा सिद्धांतही एके काळी याच कारणासाठी नाकारला गेला होता. या उत्तराने डेविट निरुत्तर झाले. पुढे १९७० साली त्यांनीच लेख लिहून ही कल्पना विस्मृतीतून बाहेर काढली, आणि १९७३ साली मूळ विस्तृत प्रबंध ग्रंथरूपाने प्रकाशात आणला. एव्हरेट मात्र १९५६ सालीच अमेरिकेच्या संरक्षण खात्यात गेले होते. विद्यापीठीय संशोधनाकडे ते परतले नाहीत. १९८२ साली, वयाच्या अवघ्या ५१व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी डेव्हिड डॉइच यांनी क्वांटम संगणकाची सैद्धांतिक मांडणी केली. या विचारामागे अनेक विश्वांच्या कल्पनेची प्रेरणा होती.

मराठी वाचकांना अशा विश्वाची ओळख करून दिली ती डॉ. जयंत नारळीकर यांनी. कोल्हापुरात जन्मलेल्या नारळीकरांचे बालपण वडिलांच्या अध्यापनामुळे बनारसमध्ये गेले. महाराष्ट्रापासून दूर वाढलेल्या या शास्त्रज्ञाने आपल्या विज्ञानकथा मराठीत लिहिल्या. पानिपतावर १७६१ साली विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली असती, तर इतिहास कोणत्या वाटेने गेला असता, या कल्पनेवर त्यांची गंगाधरपंतांची कथा उभी आहे. हीच कथा इंग्रजीतून एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाली आणि देशभरातील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली.

ही अनेक विश्वे खरोखर आहेत काय, याचा निर्णय आजवर कोणत्याही प्रयोगाने दिलेला नाही. भौतिकशास्त्रज्ञांतही याविषयी एकमत नाही. तथापि, कात्री लागलेल्या त्या प्रबंधातील प्रश्न आज जगभरच्या विद्यापीठांत गांभीर्याने अभ्यासला जातो. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने विचारलेला विचित्र प्रश्न हसण्यावारी नेण्यापूर्वी शिक्षकांनी आणि पालकांनी क्षणभर थांबावे, एवढे सांगण्यास हा इतिहास पुरेसा आहे.