आकाशातून आलेली शाळा : १९७५ ते २०२०

१/
१ ऑगस्ट १९७५. ओरिसा, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे संच सुरू झाले. त्यांतील बहुतेक गावांनी तोवर चित्रवाणी पाहिलेलीच नव्हती. कार्यक्रम येत होते सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील एका उपग्रहावरून.

२/
या प्रयोगाचे नाव 'साइट', म्हणजे उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग. शिक्षणातील तंत्रज्ञानाची चर्चा हल्ली २०२० च्या टाळेबंदीपासून सुरू होते. परंतु त्या वर्षी शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांच्यापुढे उभे राहिलेले बहुतेक प्रश्न त्याआधी ४५ वर्षे देशाने अनुभवले होते. त्या अनुभवाचा हा आढावा. (थ्रेड)

३/
सुरुवात त्याहूनही जुनी आहे. १९६१ साली दिल्लीतील माध्यमिक शाळांसाठी शालेय दूरचित्रवाणी सुरू झाली. शाळांत प्रयोगशाळा अपुऱ्या होत्या आणि विज्ञानाचे चांगले शिक्षक मोजकेच होते. एका चांगल्या शिक्षकाचा पाठ अनेक वर्गांपर्यंत पोहोचवावा, हा त्यामागचा साधा हिशेब होता. पुढच्या प्रत्येक योजनेच्या मुळाशी हाच हिशेब दिसतो.

४/
२६ जानेवारी १९६७ रोजी 'कृषि दर्शन' सुरू झाले. दिल्लीभोवतालच्या ८० गावांत सामुदायिक संच ठेवले गेले आणि गावकरी एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम पाहू लागले. विक्रम साराभाई यांचा या प्रयत्नात पुढाकार होता. चित्रवाणी ही शहरी करमणुकीची वस्तू होण्याआधी खेड्याच्या उपयोगी पडावी, असा त्यांचा आग्रह होता.

५/
१९६९ मध्ये भारताचे अणुऊर्जा खाते आणि अमेरिकेची नासा यांच्यात करार झाला. नासाने आपला 'एटीएस-६' हा उपग्रह एक वर्षासाठी वापरू द्यायचा. जमिनीवरील यंत्रणा, संच, कार्यक्रम आणि देखभाल हे सारे भारताने उभे करायचे. डिसेंबर १९७१ मध्ये साराभाईंचे निधन झाले. प्रयोग पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

६/
पुढची धुरा दोघांनी वाहिली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक म्हणून गेलेले प्रा. यशपाल, आणि 'साइट'चे कार्यक्रम व्यवस्थापक प्रा. एकनाथ वसंत चिटणीस. कोल्हापूरच्या या शास्त्रज्ञाचे नाव महाराष्ट्रात व्हावे तितके झाले नाही.

७/
प्रत्येक गावात तारेच्या जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री उभारण्यात आली. कोंबड्यांच्या खुराड्याला वापरतात तसलीच ती जाळी. ती छत्री थेट उपग्रहाचे संकेत झेलत असे. वीज नसलेल्या काही गावांत संच बॅटरीवर चालवले गेले. नादुरुस्त संचाची वर्दी लवकर मिळावी आणि दुरुस्ती करणारा वेळेत पोहोचावा, यासाठी स्वतंत्र व्यवस्था होती.

८/
सकाळचा दीड तास शाळेतील ५ ते १२ वयोगटातील मुलांसाठी, तर संध्याकाळचे अडीच तास प्रौढांसाठी राखलेले होते. कार्यक्रम हिंदी, ओरिया, तेलुगू आणि कन्नड या भाषांत होते. मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम इस्रोच्या मुंबईतील स्टुडिओत तयार होत. महाराष्ट्रातील गावे प्रयोगात नव्हती. मुंबईत घडलेले पाठ मात्र दूरच्या खेड्यांतील मुले पाहत होती.

९/
येथे खरा पेच निर्माण झाला. पडद्यावरचा शिक्षक प्रश्न विचारू शकतो, पण उत्तर ऐकू शकत नाही. ते ऐकायला वर्गात माणूस लागतो. तो माणूस म्हणजे गावचा शिक्षक. त्यालाच हा कार्यक्रम आपल्या वेळापत्रकावरचे आक्रमण वाटला, तर संच नुसता चालू राहील आणि शिक्षण होणार नाही.

१०/
म्हणून प्रयोगकर्त्यांनी शिक्षकांनाच विद्यार्थी केले. प्राथमिक शाळांतील विज्ञान शिकवणाऱ्या सुमारे ५०,००० शिक्षकांना दोन तुकड्यांत, प्रत्येकी १२ दिवसांचे प्रशिक्षण देण्यात आले. चित्रवाणीला नभोवाणी, छापील पुस्तिका आणि प्रत्यक्ष कृती यांची जोड होती. शिक्षकांना शहरात बोलावण्याऐवजी प्रशिक्षणच त्यांच्या परिसरात नेण्याचा हा देशातील पहिला एवढा मोठा प्रयत्न.

११/
निष्कर्ष काय निघाले? या प्रयोगाचे मूल्यमापन कसोशीने झाले. समाजशास्त्रज्ञ गावांत मुक्काम करून राहिले. चित्रवाणी पाहणाऱ्या मुलांची भाषा सुधारली आणि नवे जाणून घेण्याची ओढ वाढली, असे आढळले. पटसंख्या वाढणे किंवा शाळागळती थांबणे, हे मात्र घडले नाही.

१२/
यात नवल नाही. मूल शाळा सोडते ते पाठ कंटाळवाणा असतो एवढ्याच कारणाने नव्हे. धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते, गुरे राखायची असतात, मुलीचे लग्न ठरलेले असते. उपग्रहाला यातले काहीही बदलता येत नाही. यंत्राची शक्ती आणि मर्यादा, दोन्ही एकाच वर्षात दिसून आल्या.

१३/
३१ जुलै १९७६ रोजी मुदत संपली आणि उपग्रह परत नेण्यात आला. ज्या गावांना वर्षभर रोज कार्यक्रम पाहण्याची सवय लागली होती, तेथील पडदे एकाएकी रिकामे झाले. पुढे काही भागांत जमिनीवरील प्रक्षेपकांमार्फत कार्यक्रम सुरू करण्यात आले. उसन्या साधनावर उभ्या राहिलेल्या शिक्षणाचा हा पहिला धडा होता.

१४/
१९८३ मध्ये 'इन्सॅट-१बी' हा भारताच्या मालकीचा उपग्रह कार्यरत झाला. आता महाराष्ट्राचाही समावेश झाला आणि विदर्भातील गावांपर्यंत शैक्षणिक कार्यक्रम पोहोचू लागले. मराठीतून कार्यक्रम तयार करण्यासाठी १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था उभी राहिली. सह्याद्री वाहिनीवरचे तिचे कार्यक्रम पाहत एक पिढी लहानाची मोठी झाली.

१५/
त्याच वर्षी १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर आला. त्याच सुमारास शाळांत संगणक साक्षरतेचा 'क्लास' हा प्रकल्प सुरू झाला. त्यासाठी ब्रिटिश बनावटीचे 'बीबीसी मायक्रो' संगणक निवडले गेले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी दूरशिक्षण ही एकमेव उघडी वाट होती.

१६/
२० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून 'एज्युसॅट' अवकाशात गेला. केवळ शिक्षणासाठी वाहिलेला हा देशाचा पहिला उपग्रह. आता विद्यार्थ्याला उलट प्रश्न विचारण्याची सोय होती. १९७५ चा एकतर्फी पडदा बोलका झाला होता. पण उपग्रह वेळेवर गेला आणि जमीन मागे राहिली. केंद्रे, कार्यक्रम आणि देखभाल या तिन्हींतील उणिवांवर पुढे महालेखापरीक्षकांनीही बोट ठेवले.

१७/
'बालचित्रवाणी'ची कहाणी याहून करुण आहे. केंद्राचा आर्थिक आधार गेला, राज्याने पुरेसे पाठबळ दिले नाही, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि २०१७ मध्ये संस्थेला कुलूप लागले. तीन वर्षांनी महाराष्ट्रातील शाळा बंद पडल्या, तेव्हा मराठीतून घरोघरी पाठ पोहोचवणाऱ्या अशाच एका संस्थेची सर्वाधिक गरज होती.

१८/
दरम्यान हालचाल खालून सुरू झाली होती. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेची शाळा डिजिटल झाली, ती लोकसहभागातून. वर्गणी काढून संगणक, पडदा आणि प्रोजेक्टर घेण्याची ही पद्धत अनेक गावांनी उचलली. वीजबिल थकले म्हणून जोडणी तुटलेल्या शाळाही याच राज्यात होत्या, हे विसरता येत नाही.

१९/
सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. कोड टिपला की कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ही पद्धत रुळली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना १० लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' जाहीर झाला. त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

२०/
या दोन्ही उदाहरणांत एक साम्य आहे. तंत्र वरून आले नाही. वर्गातल्या अडचणीवर शिक्षकाने शोधलेला तो उपाय होता. त्यामुळे त्याला परके वाटण्याचा प्रश्नच आला नाही. 'साइट'ला जे १२ दिवसांच्या प्रशिक्षणातून साधायचे होते, ते येथे आपोआप साधले.

२१/
मार्च २०२० मध्ये शाळांना टाळे लागले. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही घोषणा झाली. 'दीक्षा' ॲप आणि व्हॉट्सॲपवरून रोजचा अभ्यास येऊ लागला. पन्नाशीतल्या शिक्षकांनी आपल्या मुलांकडून झूम शिकून घेतले. खडूच्या भुकटीत तीस वर्षे काढलेले हात मोबाईलच्या काचेवर चाचपडत राहिले, पण थांबले नाहीत.

२२/
आकडे मात्र कठोर होते. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील ग्रामीण भागात ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. शहरांत हेच प्रमाण २३.४ आणि ४२ टक्के होते. १९७५ मध्ये गावाचा एक संच सगळ्यांचा होता. २०२० मध्ये पडदा खाजगी झाला होता. ज्याच्या घरी नाही, तो वर्गाबाहेर.

२३/
ज्या घरी एकच मोबाईल होता, तेथेही तो बाबांबरोबर कामावर जाई. दोन भावंडे असली की आधी कोणी शिकायचे, हा प्रश्न येई. बहीण आणि भाऊ यांत पाळी कुणाची लागे, हे सांगायला नको. काही मुले रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसली. अनेकांची नावे ऑनलाइन हजेरीत कधी आलीच नाहीत.

२४/
आणि मग जुनीच साधने मदतीला धावली. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' सुरू झाली. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर लाउडस्पीकरवरून धडे ऐकवणारी 'बोलकी शाळा' भरली. सोलापूरच्या नीलमनगर भागात घरांच्या भिंतींवर पाठ रंगवण्यात आले. अनेक शिक्षक वाड्यावस्त्यांवर जाऊन झाडाखाली चार-चार मुलांना शिकवत राहिले.

२५/
१९६१ ते २०२० हा सारा पट पाहिला की एक क्रम ठळक दिसतो. यंत्र प्रत्येक वेळी वेळेवर आले. वीज, दुरुस्ती, मातृभाषेतील कार्यक्रम आणि शिक्षकाची तयारी या चार गोष्टी जेथे आधी झाल्या होत्या, तेथे ते रुजले. जेथे त्या मागाहून करू म्हटले गेले, तेथे ते धूळ खात पडले.

२६/
'साइट'च्या कर्त्यांनी हे ओळखले होते. म्हणून त्यांनी गावांत आधी दुरुस्तीची सोय लावली, शिक्षकांना आधी शिकवले आणि निकाल नावडता निघाला तरी तो लिहून ठेवला. उपग्रह परक्याचा होता. ही शिस्त आपली होती. उपग्रह ठरल्याप्रमाणे परत गेला. शिस्त जपणे आपल्या हाती होते, आणि 'बालचित्रवाणी'चे कुलूप तेवढे आपल्याला जमले नाही हे सांगते.

(समाप्त)