पाण्यातली म्हैस आणि पोत्यातलं मांजर

आज आपण जनावरांबद्दल बोलणार आहोत. गोठ्यातल्या नाही, बोलण्यातल्या. सकाळपासून रात्रीपर्यंत आपण किती जनावरं तोंडातून काढतो ते कधी मोजलंय का? भूक लागली की पोटात कावळे ओरडतात. काम उरकेना की ढोरमेहनत होते. कुणी वरून गरीब दिसली की ती गोगलगाय आणि पोटात पाय. ज्याला किंमत कळत नाही त्याच्यासाठी गाढवाला गुळाची चव काय. कावळा, ढोर, गोगलगाय, गाढव, सगळी आपल्या जिभेवर बांधलेली.

हा विषय घेण्याचं कारण आपल्या मुली. गटाच्या बैठकीत बऱ्याच जणी सांगतात, मुलगी नववी-दहावीत गेली, इंग्रजीचे वाक्प्रचार पाठ करते आणि रडकुंडीला येते. इंग्रजीत जोराचा पाऊस पडला की म्हणतात कुत्री-मांजरं पडताहेत. मुलगी विचारते, आई, ही वरून पडतील कशी? आईला वाटतं, आपल्याला इंग्रजी येत नाही, आपण काय सांगणार. मला वाटतं, आईच सांगू शकते. कसं, ते समजायला थोडा इतिहास बघू. तो आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातला आहे.

कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, तिथे पोलंड देशातून आलेल्या सुमारे पाच हजार लोकांची वसाहत होती. त्यात बहुतेक बायका आणि मुलं. १९३९ मध्ये पोलंडवर एका बाजूने जर्मनीने आणि दुसऱ्या बाजूने रशियाने हल्ला केला. पूर्व पोलंडमधली लाखो माणसं रशियाने घरातून उचलली, मालगाडीत भरली आणि सैबेरिया, कझाकस्तानच्या थंडीत नेऊन टाकली. जंगलतोड, शेतमजुरी, उपासमार. १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा या लोकांची सुटका झाली. १९४२ मध्ये त्यातले बरेच जण इराणला पोचले. पुरुष सैन्यात गेले. बायका-मुलांना ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. काही मुलांना गुजरातेत जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला आसरा दिला. सगळ्यात मोठी वसाहत उभी राहिली ती आपल्या वळिवड्याला.

तिथे बराकी होत्या, शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं. बायका भाजी आणायच्या, शिवणटिपण करायच्या, मुलांना वाढवायच्या. घरात भाषा पोलिश, बाजारात मराठी-हिंदीचे चार शब्द आणि कागदपत्रं इंग्रजीत. युद्ध संपल्यावर त्यातल्या अनेकांना परत जाता आलं नाही, कारण त्यांची गावं आता दुसऱ्या देशात गेली होती. बरीच कुटुंबं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत पांगली. म्हणजे इंग्रजी शिकणं ही त्या मुलांची हौस नव्हती, पोटापाण्याची गरज होती. आज कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. तिकडे वॉर्सा शहरातही कोल्हापूरची आठवण ठेवणारं स्मारक आहे. आणि जिथे त्यांची वसाहत होती, तिथे फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले. तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला तुमच्यातल्या कितीतरी जणी तिथे गेल्या असतील.

आता या वळिवड्याच्या तीन भाषा शेजारी शेजारी ठेवून बघू.

आधी तो पाऊस. इंग्रज म्हणतो कुत्री-मांजरं पडताहेत. पोलिश बाई म्हणते, बादलीतून ओतल्यासारखा ओततोय. आपण म्हणतो मुसळधार. बघा, आपलं तर मुसळ आहे! आकाशातून मुसळं तरी कुठे पडतात? पण आपल्याला कधी प्रश्न पडला नाही, कारण कांडणाचं मुसळ आपल्या हातातलं. मुलीला इंग्रजांची कुत्री-मांजरं समजवायची असतील तर आईकडे मुसळ आहे.

दुसरी भूक. इंग्रज म्हणतो, अख्खा घोडा खाईन. पोलिश माणूस म्हणतो, लांडग्यासारखी भूक लागलीय. आपल्या पोटात कावळे ओरडतात. पोलंडच्या जंगलात लांडगा हिवाळ्यात उपाशी फिरतो, तो त्यांनी पाहिलेला. आपण पितराच्या पानाभोवती कावकाव करणारे कावळे पाहिलेले. ज्याने जे पाहिलं ते त्याच्या बोलीत आलं. सैबेरियातून आलेल्या त्या बायकांनी मात्र लांडग्याची भूक नुसती बोलण्यात नव्हे, स्वतःच्या लेकरांच्या पोटात पाहिली होती.

तिसरी गोष्ट फुकट मिळालेल्या वस्तूची. इंग्रज आणि पोलिश दोघेही म्हणतात, भेट मिळालेल्या घोड्याचे दात बघू नयेत. आपली जुनी म्हण आहे, धर्माचे गायी, दात का गे नाही. दानात मिळालेल्या गायीलाच विचारायचं, बाई, तुझे दात कुठे गेले? अर्थ तोच, फक्त घोड्याच्या जागी गाय आली. दातच का? तुम्हाला सांगायला नको. बैल दोन दाती की चार दाती की जुळलेला, यावरून वय कळतं आणि वयावरून किंमत ठरते. युरोपच्या शेतकऱ्याने घोड्याचा जबडा उघडला, आपल्या शेतकऱ्याने बैलाचा. बाजार वेगळा, अक्कल एकच.

काही जनावरं तर कुणाच्याच गावची नाहीत. नाजूक जागी धसमुसळेपणा करणाऱ्याला इंग्रज म्हणतो, चिनी मातीच्या भांड्यांच्या दुकानात शिरलेला बैल. पोलिश लोक तिथे हत्ती घुसवतात. हत्ती तर पोलंडच्या रानात नाहीच! म्हणजे म्हणी नुसत्या डोळ्यांनी बनत नाहीत, ऐकीव गोष्टींनीही बनतात. ‘सिंहाचा वाटा’ तिन्ही भाषांत आहे. तो इसापच्या गोष्टीतून आला. मराठीत इसाप आणला तो एकोणिसाव्या शतकात सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी. खोट्या रडण्याला इंग्रजीत आणि पोलिशमध्ये मगरीचे अश्रू म्हणतात, आपल्याकडेही नक्राश्रू आहेत.

आता येऊ या मुख्य गोष्टीकडे. न बघता केलेला सौदा.

इंग्रजीत त्याला म्हणतात, पोत्यातलं डुक्कर विकत घेणं. जुन्या काळी इंग्लंडमधल्या गरिबाच्या घरी एखादं डुक्कर असायचं, जशी आपल्याकडे शेळी. बाजारात पिल्लू पोत्यात बांधून विकायचे. पोतं न उघडता पैसे मोजले की फसलात. पोलिश भाषेत हाच सौदा ‘कुपोवाच कोता व वोर्कु’, म्हणजे पोत्यातलं मांजर विकत घेणं. जर्मन आणि फ्रेंच माणूसही मांजरच म्हणतो. घरी येऊन पोतं सोडावं तर आतून निघतं म्याँव.

इंग्रजी शिकणाऱ्या पोलिश मुलाची इथे पंचाईत होते. कारण इंग्रजीत पोत्यातून मांजर बाहेर पडणं हा वाक्प्रचार आहेच, पण त्याचा अर्थ वेगळा, गुपित फुटणं. आपण म्हणू बिंग फुटलं. गुपित फुटलं की पोलिश माणूस म्हणतो, पोत्यातून आरी बाहेर आली. आरी म्हणजे चांभाराची टोकदार सुई. पोत्यात ती किती वेळ लपणार? म्हणजे पोतं तेच, मांजरही तेच, पण एका भाषेत फसवणूक आणि दुसरीत बिंग. शब्दाला शब्द लावून शिकणारा इथे हमखास अडकतो.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे पोतं नाही. आपली म्हण आहे, पाण्यातली म्हैस आणि वर मोल. म्हैस डोहात बसलेली. दिसतात फक्त शिंगं आणि नाकपुड्या. कास कशी आहे, चारही सड चालू आहेत का, पाय धड आहे का, कितव्या वेताची आहे, काहीच दिसत नाही. आणि काठावर उभं राहून माणसं भाव ठरवताहेत. ही म्हण ज्या कुणी पहिल्यांदा म्हटली असेल, तिने म्हशीची धार नक्की काढलेली असणार.

या म्हणी लिहून ठेवण्याचं काम झालं ते मोठ्या प्रमाणात आपल्या पुण्याशी जोडलेलं आहे. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. त्यातले थॉमस कँडी पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख होते. मॅनवेरिंग नावाच्या मिशनऱ्याने मराठी म्हणी गोळा करून, भाषांतर करून १८९९ मध्ये छापल्या. पुढे पुण्यात यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश केला, १९४२ ते १९४७ या काळात. म्हणजे वळिवड्याला पोलिश मुलं इंग्रजी गिरवत होती, साधारण त्याच वर्षांत पुण्यात आपले वाक्प्रचार छापले जात होते. या सगळ्या कोशांवर नावं पुरुषांची. त्यांचे कष्ट मोठे, त्यात शंका नाही. पण जातं, चूल, सासू, सून, गाय, म्हैस यांच्या म्हणी त्यांना कुठून मिळाल्या असतील? ज्यांच्या तोंडून त्या आल्या, त्यांची नावं कुठेच नाहीत.

एक कडू गोष्टही बोलायला हवी. या जनावरांतली बरीचशी बाईच्या अंगावर घातलेली आहेत. मुकाट सोसणारी ती गरीब गाय. लग्न लांबलेली ती घोडनवरी. हा शब्द कोणत्या काळाचा? ज्या काळी आठ-दहा वर्षांच्या मुली बोहल्यावर चढत. १९२९ मध्ये सारडा कायदा झाला, त्याने मुलीच्या लग्नाचं वय ठरवलं चौदा. १९७८ मध्ये ते अठरा झालं. कायदा बदलला, पण घोडनवरी तोंडात राहिली. बारावी झालेल्या मुलीला शेजारीण घोडी म्हणते तेव्हा ती शंभर वर्षांपूर्वीचं माप लावत असते. इंग्रजही काही कमी नाहीत. वय झालेली बाई नटली की तिला म्हणतात, कोकराच्या वेषातलं मटण. तेव्हा म्हणी जुन्या आहेत म्हणून सगळ्याच जपायच्या असं नाही. धान्य पाखडतो तशा त्या पाखडायच्या. दाणा ठेवायचा, फोल उडवायचं.

मग ठेवायची कोणती? मला विचाराल तर पाण्यातली म्हैस. गटाच्या कामात हिचा उपयोग रोज होतो. दारात कर्ज देणारा येतो, हप्ता सांगतो, व्याज सांगत नाही. कागद इंग्रजीत असतो, तो म्हणतो ताई, इथे सही करा, बाकी आम्ही बघतो. ती सही म्हणजे पाण्यातली म्हैस. तेव्हा म्हणायचं, भाऊ, म्हैस आधी काठावर आणा. व्याज वर्षाला किती, एकूण परत किती करायचे, हप्ता चुकला तर काय, विम्याचे पैसे कापणार का, हे मराठीत लिहून द्या. आम्ही बैठकीत वाचू, मग बोलू. जी बाई सडाला हात लावल्याशिवाय म्हैस घेत नाही, तिने कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठाही का द्यावा?

आणि मुलींच्या इंग्रजीचं म्हणाल, तर त्यांना एवढंच सांगा. वाक्प्रचार शब्दाने शिकू नकोस, प्रसंगाने शिक. हे कधी म्हणतात, ते आधी विचार. मग त्याच प्रसंगी आपण काय म्हणतो ते आईला विचार. पोटातल्या कावळ्यांचं शब्दशः इंग्रजी केलंस तर ऐकणारा घाबरेल आणि त्यांच्या घोड्याचं शब्दशः मराठी केलंस तर आजी जेवायला वाढणार नाही. एका वहीत तीन रकाने करा. इंग्रजी, प्रसंग, आपली म्हण. तिसरा रकाना आई-आजीने भरायचा.

पुढच्या बैठकीत वसुली आणि इतिवृत्त झालं की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने जनावराची एक म्हण सांगायची, लिहिता येणारीने ती लिहून घ्यायची. आणि यावेळी म्हणीसमोर सांगणारीचं नाव जरूर लिहा.