बांध आणि बंध

गोंदिया हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. भंडाऱ्यापासून तो १९९९ सालीं वेगळा झाला. परंतु त्याचे तलाव फार जुने. गोंड राजवटीच्या आश्रयानें कोहळी लोकांनीं येथें मातीचे बांध घातले. नवेगांवचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधविला, अशी परंपरा आहे. या तलावांवर धानाची शेती उभी राहिली. पाणी कसें अडवावें हें त्या लोकांस पुरतें ठाऊक होतें. मात्र पाणी द्रवरूपानें कां राहतें, याचा उलगडा विसाव्या शतकांत झाला.

वर्गांत मुलांना मी तें कोडें असें घालीत असें: पाण्याचा रेणुभार अवघा १८, त्याच्याच भाऊबंदांपैकीं हायड्रोजन सल्फाइडचा ३४. तें जड असूनहि उणें ६० अंशांवरच उकळतें. या हिशेबानें पाणी केव्हांच वायुरूप व्हावयास हवें, आणि नवेगांवचा तलाव कोरडा असावयास हवा!

१९२० सालीं अमेरिकेंतील लॅटिमर व रोडबुश या रसायनशास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, एका रेणूंतील हायड्रोजन शेजारच्या रेणूंतील ऑक्सिजनकडेहि ओढला जातो. हाच हायड्रोजन-बंध. १९३३ सालीं बर्नल व फाउलर यांनीं या रेणूंची चौफेर मांडणी विशद केली. एकेक बंध दुबळा. निमिषार्धांत तुटतो नि पुन्हां जुळतो. परंतु असंख्य बंध मिळून पाण्यास १०० अंशांपर्यंत द्रव ठेवतात. बर्फांत प्रत्येक रेणु चार शेजाऱ्यांस ठराविक अंतरावर धरून बसतो. मध्यें पोकळी राहते, म्हणून बर्फ तरंगतो. थंड देशांतील सरोवरें त्यामुळेंच तळापर्यंत सहसा गोठत नाहींत, व मासे जगतात.

आमच्या उन्हाळ्यांत दुसरा गुण प्रत्ययास येतो. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ होण्यास सुमारें ५४० कॅलरी उष्णता लागते. बंध तोडण्याची ती किंमत होय. पाझरणाऱ्या माठांतलें पाणी गार होतें तें याच कारणानें.

तरीहि ऊन रोज ती किंमत मोजून तलावाचें पाणी नेतेंच, आणि तें नेतें पृष्ठभागावरून. १९५१ सालीं मालगुजारी संपली व तलावांचे जुने धनी गेले. गाळ साचून तलाव उथळ झाला, तर त्याचा पसारा तेवढाच राहतो, पाणी मात्र थोडें उरतें. मग त्याच उन्हांत त्याचा मोठा वाटा उडून जातो, आणि धानास पाणी पुरत नाहीं. पाण्याचा बंध निसर्ग राखतो. बांधाची व गाळाची काळजी आपणांसच घ्यावी लागेल.