परभाषेचा ओनामा : दोन जुनीं साधनें

पोथ्या, बखरी, सनदा व पत्रें यांस संग्राहकांकडे मानाचें स्थान मिळतें. नवशिक्याची शब्दांची वही मात्र सहसा रद्दींत जाते. परभाषा शिकूं लागलेल्याचीं टिपणें हें भाषेतिहासाचें महत्त्वाचें साधन आहे, असें आमचें मत आहे. जें आपणांस आईच्या मांडीवर मिळतें, तें आपण लिहून ठेवीत नाहीं. परक्यास तें टिपूनच घ्यावें लागतें.

पहिलें उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स याचें. हा इंग्रज जेझुइट इ. स. १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास आला. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांसारखी आहे, असें त्यानें १५८३ सालीं भावास लिहिलेल्या पत्रांत नमूद केलें आहे. सर विल्यम जोन्स याचें याच विषयावरील प्रसिद्ध व्याख्यान १७८६ चें. म्हणजे शिकाऊ परक्याच्या ध्यानीं ही गोष्ट दोनशें वर्षें आधीं आली होती. याच स्टीफन्सचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें छापलें गेलें. कोंकणीचें त्याचें पोर्तुगीज व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० सालीं, साष्टींतील राचोल येथें रोमन लिपींत मुद्रित झालें. लॅटिन व्याकरणाच्या परिचित सांच्यांत अपरिचित भाषा बसवावयाची, ही त्याची रीति.

दुसरें उदाहरण विल्यम केरी याचें. बंगाल हें त्याचें कार्यक्षेत्र. मराठीसाठीं त्यास फोर्ट विल्यम कॉलेजांतील पंडित वैजनाथ यांचें साह्य लाभलें. त्याचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपुरास छापलें गेलें आणि त्यास नित्य व्यवहारांतील संवाद जोडले गेले. १८१० चा कोश तर मोडी टंकांत निघाला. नियमांच्या जोडीला संभाषण देण्याची ही दुसरी रीति होय.

पेशवाई अद्याप उभी असतां छापलेले हे संवाद बोलीच्या अभ्यासकास मोलाचे आहेत. दरबारी पत्रांत मायने व ठराविक वाक्प्रयोग भरपूर. रोजच्या बोलण्याचा मासला तेथें विरळा. तथापि या संवादांवर पंडिताच्या बोलीची व परक्याच्या समजुतीची छाया असणारच. म्हणून समकालीन कागदांशीं पडताळा घेतल्यावांचून त्यांतील एकहि प्रयोग प्रमाण धरूं नये.

सारांश, जुन्या घरांतील दप्तरें चाळतांना फारसी, पोर्तुगीज वा इंग्रजी शब्दांच्या याद्या आढळल्यास त्या पोरकट म्हणून टाकूं नयेत. अक्षराचें वळण, कागद व रुमाल यांची नोंद करून त्या मूळ दप्तरांतच राहूं द्याव्या. शेजारच्या कागदांपासून तोडलेली यादी कोणाची, कोठली व केव्हांची, हें मागाहून ठरविणें दुर्घट होतें. आणि तें न ठरल्यास तिचा पुरावा म्हणून उपयोग फारसा उरत नाहीं.